नकोशीच्या हातचं प्लास्टर

नकोशीच्या प्लास्टरवर बोटाचा ठसा सापडत नाही. सापडला तर आणून दाखवा, असं ती स्वतःच म्हणते, आणि गेल्या एकोणीस वर्षांत कुणी आणलेला नाही. ओलं प्लास्टर तळहाताने बसवायचं असतं, बोटांच्या टोकांनी नाही. बोट टेकलं की खळगा पडतो, खळगा तसाच वाळतो आणि आठ दिवसांनी आतून नेमक्या त्या जागी कातडी सोलवटते. हे सांगायला सोपं आहे. पण रडणारं, लाथा झाडणारं माणूस समोर असताना बोटं उचलून धरायची आणि नुसत्या तळव्यांवर काम भागवायचं, हे ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं.

बारामतीत डॉक्टर उत्कर्षांचा हाडांचा दवाखाना आहे. नकोशी तिथे फरशी पुसायला म्हणून लागली. प्लास्टरच्या खोलीत तेव्हा दादासाहेब नावाचे म्हातारे गृहस्थ होते. त्यांना मदतीला कुणीतरी लागायचं, पाय उचलून धरायला, कोमट पाण्याची बादली आणायला. नकोशीने पाय धरला की रुग्ण ओरडायचा थांबतो, हे त्यांनी दोन दिवसांत हेरलं. वर्षभराने त्यांनी तिला पहिला पट्टा गुंडाळायला दिला. निवृत्त झाले तेव्हा डॉक्टरांना म्हणाले, "दुसरा माणूस शोधू नका. वाया जाईल." आज बावड्याहून, इंदापूरहून येणारी माणसं खिडकीवर आधी विचारतात, "नकोशीबाई हायत का आज?" नसल्या तर काही जण सरळ उद्या येतो म्हणून परत जातात. डॉक्टर उत्कर्षा यावर हसतात खऱ्या, पण त्यांनाही आतून ते आवडतं.

नावाचं म्हणाल तर ती चौथी मुलगी. मोरगावच्या बाहेर माळावर मेंढपाळांची वस्ती आहे, तिथे तात्याबा आणि कुशाबाईंच्या पोटी ओळीने तीन मुली झाल्या आणि मग ही. आता बस झाल्या, असं देवाला कळावं म्हणून हे नाव ठेवलं. देवाने ऐकलं, आणखी मुलगी दिली नाही. मुलगाही दिला नाही. पुढे नाव बदलून घे म्हणणारे पुष्कळ भेटले. तिने कुणाचं ऐकलं नाही. "ह्या नावानं माझं काम वळखत्यात लोकं," ती म्हणते, "आता बदलून परत पहिल्यापासनं कुठं सुरुवात करू?"

तात्याबांचंही नाव लहान नव्हतं. मेंढराचा पाय मोडला की आसपासच्या बारा गावांतून माणूस त्यांच्याकडे यायचा. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, चार कांबी, लोकरीचा बोळा आणि शेळीच्या केसांची दोरी, एवढं त्यांचं सामान. मोडलेल्या पायावरून नुसता अंगठा फिरवायचे आणि कुठे, कसं मोडलंय ते सांगायचे. पुढे माणसंही येऊ लागली. ही विद्या त्यांनी पुतण्याला, जोतीरामला शिकवली. जोतीरामला ढोल वाजवण्यात गोडी होती, बांधण्यात नव्हती. तरी त्यालाच शिकवली, कारण लेक परक्या घरी जाणार आणि विद्या तिच्यासोबत घराबाहेर पडणार. मात्र बांधताना कोकरू धरायला कायम नकोशीच लागायची. ती मांडीत घेऊन बसली की कोकरू हलायचं नाही. ते धरणं तात्याबांनी कधी विद्येत मोजलं नाही.

यंदा पौषात तात्याबांनाच एडक्याने बांधावरून खाली पाडलं. स्वतःच्या दावणीचा एडका, स्वतः वाढवलेला. वय सत्तर, नडगीचं हाड मधोमध मोडलेलं. नशीब एवढंच की हाड जागेवरून हललं नव्हतं. डॉक्टर उत्कर्षा म्हणाल्या की ऑपरेशन टाळू, मागच्या वर्षीच छातीच्या दुखण्यातून उठलेत, प्लास्टरवरच जोडू. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर नकोशीने घातलं. बापाचा पाय तिने जन्मात पहिल्यांदाच हातात घेतला होता. वाळल्यावर तात्याबांनी बोटाच्या पेरांनी टकटक करून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "जड केलंस." तिने पेनाने प्लास्टरवर तारीख लिहिली. त्या बांधणीत कुठेही खोट काढायला जागा नव्हती आणि हे त्यांना कळलंय हे तिला दिसलं होतं.

बावीस दिवसांनी सकाळी कुशाबाईंचा फोन आला. "नकू, तुझ्या बाबानं पिलास्टर काढून टाकलंय."

"काढलं? कशानं काढलं?"

"रातभर मेंढराच्या पान्याच्या डोणीत पाय बुडवून बसला आन सकाळच्याला लोकर कातरायची कातर घातली. मी नको म्हनत हुते. माझं कवा ऐकलंय त्यानं!"

नकोशीचा नवरा रविराज एमआयडीसीत दूध डेअरीत कामाला आहे. तो नुकताच पाळी संपवून आला होता. त्याला चहाही न पाजता तिने मोटारसायकल पुन्हा चालू करायला लावली. राग तर होताच, पण रागाखाली जास्त काहीतरी होतं. एकोणीस वर्षांत तिचं प्लास्टर मुदतीआधी कुणी फोडलेलं नव्हतं. ज्याने फोडलं तो जन्मदाता बाप निघाला.

तात्याबा ओट्यावर पाय पसरून बसले होते. शेजारी डोणीत प्लास्टरचा लगदा तरंगत होता आणि एक कोकरू त्यात तोंड घालून फुर्र करत होतं.

"आबा, हे काय केलंत?"

"एकवीस दिस झालं. जोड धरला. हितं बग, गाठ लागतीया हाताला." त्यांनी तिचा हात धरून नडगीवर ठेवला. "पन्नास वर्सं बघतूय. एकविसाव्या दिवशी कोकरू उड्या मारतंय. चैतात बिरोबाची जत्रा हाय, गजाच्या नाचाचा फेर कोण सांगनार? तुझी डाक्टरीन?"

खरोखरच गाठ होती. पण गाठीच्या खाली पाय किंचित आत वळलेला होता, सकाळी प्लास्टर काढल्याकाढल्या मळ्यापर्यंत चालून आल्याची ती खूण होती. एवढासा वळलेला, कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही असा. नकोशीच्या तळहाताला तो कळला. ती गाठ अजून दगड झालेली नव्हती. त्याच गाठीवर म्हातारा आणखी चार दिवस चालला असता, तर पाय वाकडा जोडला गेला असता, किंवा जोडलाच गेला नसता. मग ऑपरेशन करावंच लागलं असतं, आणि त्या छातीला भूल सोसवेल याची खात्री खुद्द डॉक्टरही देत नव्हत्या.

तिने रविराजला वस्तीवरची जीप मागून आणायला लावली. "गाडीत बसा," ती म्हणाली.

"बसत न्हाय."

"मग उचलून घालते. कोकरासारखं."

कुशाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. तात्याबा बसले.

दवाखान्यात एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो उजेडाच्या पाटीवर लावला आणि सरळ सांगितलं. जोड अजून ओला आहे म्हणून आज हाताने सरळ करता येईल. पुन्हा प्लास्टर, तीन महिने. आज नाही केलं तर पुढे सळई घालावी लागेल आणि ते मला तुमच्या बाबतीत नको आहे. तात्याबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. मान हलवली ती नकाराची. "आमचं हाड आमाला कळतंय, बाई. घरी जाऊ द्या." डॉक्टर नकोशीकडे बघून बाहेर गेल्या. जबरदस्तीने कुणाचा पाय बांधता येत नाही.

खोलीत बापलेक दोघंच राहिली. पाटीवर तात्याबांच्या एक्स-रेशेजारी दुसरा एक लावलेला होता, सात-आठ वर्षांच्या कुणा पोराचा गुडघा. म्हातारा नुसता बसून राहणारा नव्हता. त्यांनी डोळे बारीक करून तो पाहिला आणि त्यांच्यातला जाणकार जागा झाला. "आरारा! ह्या लेकराचं तर वरनंबी मोडलंय आन खालनंबी. बरूबर दोन फटी पडल्यात. आन तुमी माझ्या पायाचं काय घिऊन बसलाय!"

त्या पोराचं काहीच मोडलेलं नव्हतं. साधा मुका मार होता.

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. नकोशीला हसू आलं नाही. उलट एकदम काहीतरी लख्ख समजल्यासारखं झालं. तिने स्टूल ओढलं आणि बापासमोर बसली.

"आबा, खाटीक जून मेंढरू कोकरू म्हणून गळ्यात मारायला बघतो, तवा तुमी काय करता?"

"पाय बघतूय. खुरावरच्या हाडाचं बोंड मोडून बघतूय. कोकराचं असलं तर निसटतंय. जुन्याचं न्हाय निसटत, हाडाला हाड झालेलं असतंय."

"कोकराचं का निसटतं?"

तात्याबा थांबले. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. "कवळं असतंय म्हणून."

"कवळं म्हंजे काय, तेच ह्या चित्रात हाय. ही फट मोडल्याची न्हाय. हितं हाड वाढतंय. हिथली जागा हाडाची न्हाय, मऊ कुर्चेची हाय, कानाच्या वरल्या कडंसारखी. एक्स-रेत मऊ दिसत न्हाय, म्हणून फट वाटती. एका अंगानं कुर्चा वाढत जाती, दुसऱ्या अंगानं तिचं हाड होत जातं. पोरगं उंच होतंय ते हितनं. वाढ संपली की ही जागा भरून जाती. मग बोंड निसटत न्हाय. तुमच्या पायात बघा, हाय का फट?"

तात्याबांनी आपल्या एक्स-रेकडे पाहिलं. गुडघ्याशी नव्हती. मधोमध होती तेवढी एकच, आणि तिच्याभोवती धुरकट, पुसट असं काहीतरी.

"ते धुरकट काय?"

"तीच तुमची गाठ. हाताला घट्ट लागती, पण एक्स-रेत पांढरी दिसत न्हाय, कारण अजून पुरतं हाड झालेलं न्हाय. आधी रगत साकळतं, मग चिवट धागे, मग कुर्चा, मग कच्चं हाड. आन कच्चंबी तसंच राहत न्हाय." इथे नकोशीचा आवाज जरा बदलला, कारण हा तिचा आवडता भाग होता. डॉक्टर उत्कर्षांनी एकदा तिला सूक्ष्मदर्शकाखाली हाडाची पातळ चकती दाखवली होती. वर्तुळात वर्तुळं, मधोमध रक्ताची वाट, आणि कडेकडेने बारीक काळे ठिपके. "हाड जित्तं असतंय, आबा. त्यात बांधणाऱ्या पेशी असत्यात आन खाणाऱ्याबी. बांधणाऱ्या हाड घालत जात्यात. खाणाऱ्या नको ते कुरतडून काढत्यात, तवा सरळ नळी घडती. आन बांधणाऱ्यातल्या काही स्वतःच त्या हाडात चिणल्या जात्यात. पण मरत न्हाईत. हाडातल्या खोलीत बसून बारीक धाग्यांनी एकमेकीला कळवत राहत्यात, कुठं भार पडतोय, कुठं बांधायचं, कुठं खायचं. कोकराच्यात हे काम पळत चालतं, कारण त्याचं सगळंच वाढीला लागलेलं असतं. तुमच्यात चालत चालतं. पण चालतं! तुमी मधीच डोणीत पाय घालू नका एवढंच."

इतकं लांबलचक ती बापासमोर उभ्या आयुष्यात बोलली नव्हती. तात्याबांनी मांडीवरून अंगठा हळूहळू खाली आणला, नडगीवरून, अगदी मेंढराचा पाय बघतात तसा. गाठीपाशी थांबले. खाली गेले. पुन्हा वर आले.

"वळलाय," ते पुटपुटले.

"व्हय."

"मला कळाय पायजे हुतं." त्यांचा चेहरा पडला. पन्नास वर्षांत त्यांना कोकराच्या हिशेबाने चालायची इतकी सवय झाली होती की मोडलेला पाय सत्तर वर्षांच्या माणसाचा आहे हेच ते विसरले होते. मग त्यांनी पाय टेबलावर उचलून ठेवला. "किती दिस?"

"नव्वद."

"कर. पर मोडाय-वळवायचं डाक्टरीन करंल, धरनार तू. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाय."

डॉक्टरांनी पायापुरतं बधिर करणारं इंजेक्शन देऊन पाय सरळ केला. नकोशीने धरला. मग कापूस, मग पट्टे, आणि मग तळहात. त्या दिवशी तिने घातलेल्या प्लास्टरचा डॉक्टरांनी फोटो काढून ठेवलाय, नवीन येणाऱ्यांना दाखवायला.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी गुडघा मोकळा करून दिला, खालचं प्लास्टर राहिलं. एक्स-रेत धुरकट होतं ते आता पांढरं दिसत होतं. लगेच पुढच्या आठवड्यात चैत्रातली बिरोबाची जत्रा आली. तात्याबा कुबडी घेऊन गेले. बारा गावची माणसं जमलेली, आणि त्यांच्या टोमण्यांना काय तोटा! "तात्याबा, लेकीनं बांधून घातलं वाटतं दावनीला?" कुणी म्हणे, "एकविसाचं नव्वद झालं, म्हातारपनात दिस फुगलं का?" एरवी म्हाताऱ्याने काठीच उगारली असती. या खेपेला ते खुर्चीत टेकून बसले आणि प्लास्टरवर थाप मारून म्हणाले, "आत काम चालू हाय. मधी बोलू नगा." फेर त्यांनी बसल्या जागेवरून हाताने सांगितला. मानाचा केशरी फेटा पंचांनी त्यांच्या डोक्याला बांधला. नकोशी बायकांच्या घोळक्यात नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती.

ढोल ऐन रंगात आला आणि मागे किंकाळी उठली. जोतीरामची पोर स्वराली, नऊ वर्षांची, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून हातावर पडली होती. जोतीरामने गळ्यातला ढोल टाकला, पोरीला उचललं आणि फेर फोडून सरळ तात्याबांसमोर आणली. मनगटाशी हात फुगलेला आणि चमच्यासारखा वाकलेला. गर्दी भोवती गोळा झाली. कुणी तेलाची वाटी आणली, कुणी तेवढ्यात कळकाच्या कांबीही काढल्या.

"आबा, ओढा आन बांधा बिगीनं," जोतीराम रडकुंडीला आला होता.

बारा गावं बघत होती. तात्याबांनी पोरीच्या हाताकडे पाहिलं, अंगठा पुढे नेला, आणि हाडाला लागायच्या आधीच मागे घेतला.

"मी हात लावनार न्हाय."

"आबा?"

"तेल न्या ते. चोळायचं न्हाय, वढायचं न्हाय. नऊ वर्साची पोर हाय. ह्या जागंवर हाड वाढतंय तिचं. हितं चुकीचा हात बसला तर जलमभर हात तोकडा राहील." ते जोरात बोलले, मागच्यांनाही ऐकू जाईल असे. "मला हे कळत न्हाय. माझ्या लेकीला कळतंय. नकोशीला वाट द्या!"

पन्नास वर्षांत 'मला कळत नाही' हे त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. गजाच्या फेरात बाई शिरत नाही, पण गर्दी आपोआप दोन्हीकडे सरली आणि नकोशी ताट कुणाच्या तरी हाती देऊन मधोमध चालत आली. तिने आधी पोरीची बोटं पाहिली, नखं दाबून रंग येतो का बघितलं, मग हात आहे तसाच, जराही न ओढता, कुणीतरी खोक्याचा फाडून दिलेल्या पुठ्ठ्यावर अलगद टेकवला. स्वरालीचं रडणं खाली आलं. नकोशीने धरलं की ते येतंच.

"लांब कापड पायजे," ती म्हणाली. "मऊ, स्वच्छ. गळ्यात अडकवाय. बारामतीपत्तूर हलता कामा नये."

बायका पदर फाडायला निघाल्या होत्या. तेवढ्यात तात्याबांनी दोन्ही हात वर नेले आणि पंचांनी नुकताच बांधलेला मानाचा फेटा डोक्यावरून सोडवायला घेतला. एकेक वेढा उलगडत गेला. पंच "अहो, अहो" करत राहिले. म्हाताऱ्याचं पांढरं, विरळ डोकं बारा गावांसमोर उघडं पडलं, आणि त्याला त्याची काडीइतकी पर्वा नव्हती.

"घे," त्यांनी फेटा दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला. "बांध, बाई."

त्यांनी तिला याआधी कधी बाई म्हटलं नव्हतं. दवाखान्याच्या खिडकीवर लोक म्हणतात तसं ते म्हणाले. नकोशीचे डोळे भरून आले, तरी हात थांबले नाहीत. तिने फेटा घेतला, घडी घातली आणि पोरीचा हात बांधला.